झाकणाखालची हवा

शिकागोच्या वेबर ब्रदर्स मेटल वर्क्समध्ये पत्र्याचे अर्धगोल जोडून पाण्यावर तरंगणारे बोये बनत. तिथे कामाला असलेल्या जॉर्ज स्टीफनला अंगणात मांस भाजायची भारी हौस. त्यात घरात बारा मुलं! त्या काळच्या चुली उघड्या. वारा सुटला की राख ताटात, सर आली की बेत पाण्यात. 1952 साली त्याने बोयाच्या एका अर्ध्याला पाय लावले, आत जाळी बसवली आणि दुसऱ्या अर्ध्याचं झाकण केलं. पहिल्यांदा झाकण घालताच आग गुदमरली आणि शेजाऱ्याच्या सांगण्यावरून त्याने पत्र्याला भोकं पाडली, असं सांगतात. गोष्टीला मीठमसाला लागला असेलही. पण ग्रिलचं सगळं मर्म त्या भोकांत आहे.

आपल्या शेगडीला खाली तोंड असतं, तसं स्टीफनच्या या गोल, झाकणाच्या ग्रिलला, म्हणजे केटल ग्रिलला, बुडाशी झडप असते. तिथून हवा आत शिरते, झाकणावरच्या झडपेतून गरम धूर बाहेर पडतो. झडपा उघडल्या की निखारे फुलतात, लोटल्या की मंदावतात. कोंबडीची चरबी निखाऱ्यावर ठिबकून भडका उडाला, तर पाणी शिंपडू नये. राख उडून थेट मांसावर बसते. झाकण लावावं. हवा तुटली की भडका बसतो.

म्हणून दुकानात चकाकी आणि आकार नंतर बघावा. आधी झाकण नीट बसतं का, झडपा अडखळत नाहीत ना, पत्र्यावर पोर्सिलेन एनॅमलचा थर आहे का, ते पाहावं. अमेरिकेतल्या अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींनी त्याआधी इमारतीचे नियम वाचावेत. लाकडी बाल्कनीत कोळशाचं ग्रिल बहुतेक ठिकाणी चालत नाही. गॅरेजमध्ये तर कुठेच पेटवू नये. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास.

साच्यातला कोळसा, म्हणजे ब्रिकेट, अमेरिकेच्या घराघरांत पोचवण्यात हेन्री फोर्डचा मोठा हात. 1920च्या दशकात मोटारींच्या लाकूडकामातून उरलेल्या भुशा-ढलप्यांपासून त्याच्या कारखान्यात ब्रिकेट बनू लागले आणि फोर्डच्या गाड्यांच्या दुकानांतूनच विकले गेले. हाच धंदा पुढे किंग्सफर्ड नावाने चालला. ब्रिकेट एकसारखे, संथ जळतात. लाकडाचा अख्खा कोळसा लवकर तापतो, लवकर संपतो. पेटवायला रॉकेलसारखं द्रव कशाला? पत्र्याच्या नळकांड्यात कोळसा भरून खाली कागद पेटवला की काम होतं. वरच्या कोळशावर राखेची पांढरी साय धरली की सगळे निखारे एका अंगाला ओतावेत. भरताचं वांगं थेट त्यांच्यावर, साल करपेपर्यंत. कोंबडीची तंगडी मात्र दुसऱ्या अंगाला, झाकणाखाली. हाडाजवळ 74 अंश सेल्सिअस भरले की शिजली.

ग्रिल मरतं ते बहुधा राखेने. राख दमट झाली की तिचा क्षार पत्रा खातो. म्हणून पूर्ण विझल्यावर ती धातूच्या डब्यात काढावी. जाळी घासायचा तारेचा ब्रश मी तरी वापरणार नाही. 2012 साली अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने ऱ्होड आयलंडमधल्या रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली: ब्रशची तुटकी तार खाण्यातून पोटात गेली आणि काहींचं आतडं भोसकलं गेलं. जाळी गरम असतानाच अर्धा कांदा लांब काट्याला टोचून घासावा. चिकटलेलं बरंच निघून येतं.