पित्ताची गोळी यादीत नसते

‘सध्या कुठली औषधं चालू आहेत?’ असं डॉक्टरांनी विचारलं की पेशंट बीपीची सांगतो, शुगरची सांगतो. सकाळी उठल्याउठल्या उपाशीपोटी घेतलेली पित्ताची गोळी मात्र राहून जाते. तिला आपण औषध म्हणून धरतच नाही. एरवी हे खपून जातं. कॅन्सरच्या काही गोळ्यांच्या बाबतीत खपत नाही.

डॅसाटिनिबचं उदाहरण घ्या. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगावर ही गोळी रोज घ्यायची असते. तिची प्रकृती अल्कधर्मी, त्यामुळे ती आम्लात विरघळते, साध्या पाण्यात अडून बसते. नळाच्या तोटीवरचा पांढरा थर लिंबाने सुटतो, नुसत्या पाण्याने हलत नाही, तसंच काहीसं. सामू, म्हणजे पीएच, २.६ असताना एक मिलिलिटरमध्ये १८.४ मिलिग्रॅम डॅसाटिनिब विरघळतं. सामू ७ च्या घरात गेला की जेमतेम ०.००८. हिशेब मांडून पाहिला तर १०० मिलिग्रॅमला आम्लात चमचाभर पाणी पुरतं, आम्ल नसेल तर साडेबारा लिटर लागेल! एवढं पाणी पोटात कुठून येणार? आणि पित्ताची गोळी नेमकं पोटातलं आम्लच कमी करते. न विरघळलेलं औषध रक्तात न जाताच बाहेर पडतं. पेशंटला यातलं काही कळत नाही. उलट जळजळ थांबल्यामुळे त्याला बरंच वाटत असतं.

‘मग दोन तासांचं अंतर ठेवू’ हा घरगुती तोडगा प्रत्येक गोळीला लागू पडत नाही. अॅल्युमिनियम-मॅग्नेशियमचं पातळ अँटासिड डॅसाटिनिबसोबतच घेतलं तर शरीराला मिळणारं औषध ५५ टक्क्यांनी घटतं. दोन तास आधी घेतलं तर ही घट दिसत नाही. फॅमोटिडिन ही पित्ताची गोळी मात्र दहा तास आधी घेऊनही ६१ टक्के घट झाली. म्हणजे रात्रीची गोळी सकाळच्या औषधाला नडते. ओमेप्राझोल, पँटोप्राझोल या पित्ताच्या गोळ्यांची तऱ्हा आणखी वेगळी. त्या स्वतः काही तासांतच रक्तातून जवळपास निघून जातात, पण आम्ल सोडणारे पंप कायमचे बंद करून जातात. शरीराने नवे पंप तयार करेपर्यंत आम्ल कमीच राहतं. तिथे घड्याळ बघून काय उपयोग?

सरसकट घाबरायचंही कारण नाही. त्याच आजारावरच्या इमॅटिनिबला ओमेप्राझोलने फरक पडत नाही. शिवाय काहींना, विशेषतः स्टेरॉइड चालू असताना, आम्ल कमी करणारी गोळी लागतेच. ती आपल्या मनाने बंद करू नये. कुठली चालेल आणि केव्हा, हे कॅन्सरच्या डॉक्टरांनी ठरवायचं. त्यासाठी ती चालू आहे हे त्यांना कळायला तर हवं. मेडिकलमधून परस्पर आणलेलीसुद्धा.

रॉटरडॅमच्या डॉक्टरांनी यावर गमतीशीर वाटेल असा उपाय करून पाहिला. फुप्फुसाच्या कॅन्सरवरची एर्लोटिनिब ही गोळी त्यांनी २८ पेशंटना एकदा पाण्याबरोबर आणि एकदा २५० मिलिलिटर कोलाबरोबर दिली. कोलाचा सामू साधारण २.५. एसोमेप्राझोल ही पित्ताची गोळी घेणाऱ्यांत औषधाचं शोषण सरासरी ३९ टक्क्यांनी वाढलं, न घेणाऱ्यांत ९ टक्क्यांनी. २०१६ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ते वाचताना सोलकढी आठवलीच. पण त्यांनी मोजला तो कोला, आमसूल नव्हे.