सोलापूरच्या पूर्वेची शिवण

नेट रेंगाळत असेल तेव्हा एखाद्या दुकानाच्या वेबसाइटवरचा सोलापूरचा नकाशा उघडून बघा. आधी नुसती करडी पाटी. मग सिद्धेश्वर तलावाचा निळा तुकडा, त्याला चिकटून भुईकोट किल्ला, जरा वेळाने स्टेशन. असे नकाशे बहुधा एकसंध येतच नाहीत. गोधडीसारखे ते 256 बाय 256 पिक्सेलच्या चौकोनांतून जोडले जातात.

झूम शून्यावर अख्खी पृथ्वी एका चौकोनात मावते. पुढे दर पायरीला एकाचे चार. अठराव्या पायरीला चौकोन होतात 6,871 कोटींहून जास्त! तरी एकही हरवत नाही, कारण प्रत्येकाला पत्ता आहे : पायरी, मग डावीकडून कितवा, वरून कितवा. मोजणी शून्यापासून. सातव्या पायरीवर सोलापूरचा पत्ता 7/90/57.

खरी गंमत पुढे आहे. शेजारचा 91 क्रमांकाचा चौकोन सुरू होतो बरोबर 75.9375 पूर्व रेखांशावर, म्हणजे शहराच्या मध्यापासून जेमतेम तीन-साडेतीन किलोमीटरवर. पंढरपूर आणि पुणे आपल्या चौकोनात. तुळजापूर, अक्कलकोट मात्र पलीकडे, हैदराबादच्या पंगतीला. कितीही झूम करा, शिवण तिथेच. हैदराबाद रस्त्याने रोज एसटी ती ओलांडते आणि कुणाला पत्ताही नसतो.

मग नकाशा कधीकधी कोपऱ्यातच येऊन का अडतो? बऱ्याचदा दोष मापाचा असतो. चौकोन मागवण्याआधी नकाशा आपल्या चौकटीची लांबी-रुंदी मोजतो. चौकट बंद टॅबमागे दडलेली असेल, तर माप येतं शून्य. गिऱ्हाईक यायच्या आधीच शिंप्याने टेप गुंडाळून ठेवावा, तसं. टॅब उघडल्यावर ‘पुन्हा मोज’ असं सांगावं लागतं; वेबपानावर नकाशा दाखवणाऱ्या लीफलेट या लायब्ररीत त्या आज्ञेचं नाव इनव्हॅलिडेटसाइझ. चौकटीला उंचीच दिली नसेल, तर काहीच दिसत नाही.

माझी आवडती चूक मात्र वेगळीच. लीफलेटला आधी अक्षांश लागतो, मग रेखांश. जिओजेसन या नकाशाच्या माहितीच्या फाइलींमध्ये नेमकं उलटं. सोलापूरचे 17.66 आणि 75.91 हे आकडे अदलाबदल होऊन गेले, की नकाशा अजिबात कुरकुरत नाही. सगळे चौकोन शहाण्यासारखे येतात. सगळे निळे. मे महिन्यात घामाघूम झालेलं सोलापूर स्वालबार्डच्या दक्षिणेला, आर्क्टिकच्या समुद्रात तरंगत असतं, आणि चादरीच्या दुकानाची लाल खूण ऐन पाण्यात.