आचारी कीं आचार्य?

मुलुंडांतील आमच्या लहानशा मंडळाच्या स्नेहमेळाव्याचीं निमंत्रणें गेल्या मार्गशीर्षांत घरोघर गेलीं. माझ्या एका जुन्या शिक्षकमित्राकडे मात्र तें पोंचलें नाहीं. मेळाव्यानंतर ते स्टेशनाच्या पुलावर भेटले. “गुरुजी, आमचा असा कोणता अपराध झाला?” एवढेंच बोलून ते जिना उतरून गेले. निमंत्रितांच्या यादीवर शेवटचा हात माझाच फिरला होता. त्यामुळें ते शब्द मला फार लागले.

घरीं येऊन नातवाला संगणकासमोर बसविलें. मूळ यादींत मित्राचें नांव व पत्ता दोन्ही होतें. त्यांच्या आडनांवांत ‘ऱ्हे’ हें जोडाक्षर आहे. पत्ता काढणाऱ्या मुलानें तेंच आडनांव शोधावयास दिलें, आणि यंत्रानें ‘सांपडत नाहीं’ असें सांगितलें. डोळ्यांना दोन्ही शब्द एक, यंत्राला निराळे! हें कोडें उलगडण्यांत माझे दोन दिवस गेले.

मराठींत ‘र’ हा ‘य’ व ‘ह’ यांस दोन तऱ्हांनीं जोडला जातो. ‘सूर्य’, ‘दर्या’ यांत रफार माथ्यावर चढतो व मागील अक्षरावर आघात येतो. ‘दऱ्या’, ‘कऱ्हा’, ‘वऱ्हाड’ यांत अर्धा र पापणीसारखा आडवा राहतो व आघात येत नाहीं. संस्कृतांत हा भेद नाहीं. म्हणून तो अनावश्यक मानणाऱ्या विद्यार्थ्यांस मी वर्गांत विचारीत असें, ‘आचार्यास वाढा’ आणि ‘आचाऱ्यास वाढा’ यांत पानावर कोण बसला आहे? पहिल्यांत गुरु, दुसऱ्यांत स्वयंपाकी.

आतां संगणकाकडे वळूं. त्याला अक्षर ठाऊक नसतें, केवळ आंकडा ठाऊक असतो. १९९१ सालीं भारतीय लिपींसाठीं ‘इस्की’ ही संकेतावली मानक म्हणून ठरली, आणि त्याच वर्षीं युनिकोड या जागतिक संकेतावलीची पहिली आवृत्ति निघाली. युनिकोडांत ‘र’ चा क्रमांक २३५२ व पाय मोडण्याच्या चिन्हाचा २३८१. पण ‘र’ चा पाय मोडून पुढें ‘ह’ दिला कीं नियमानें रफारच उमटतो. मग आपला अर्धा र आणावयाचा कोठून? शेजारीं २३५३ या क्रमांकावर नुक्त्याचा ‘ऱ’ होता, द्राविडी भाषांतील एक र देवनागरींत दाखविण्यासाठीं घेतलेला. त्याचाच पाय मोडला असतां मराठी अर्धा र उमटावा असें ठरलें. (मराठीनें दक्षिणेचें अक्षर उसनें घेतलें म्हणून कोणी खंत करूं नये, ‘ळ’ च्या बाबतींत तें नातें आपण अभिमानानें सांगतोंच.) दुसरीही एक वाट आहे: साधा ‘र’, पायमोड, आणि त्यापुढें ८२०५ क्रमांकाचें एक अदृश्य जोडचिन्ह. युनिकोडनें दोन्ही वाटा मान्य केल्या, परंतु त्या एकमेकींच्या बरोबरीच्या मानल्या नाहींत. आणि हें अदृश्य चिन्ह वाटेंत कोठें गळून पडलें, तर उरतो तो रफार. स्वयंपाकी पाटावरून उठतो आणि आचार्य बसतात!

‘ॲ’ ची कथाही फारशी निराळी नाहीं. त्याला स्वतंत्र क्रमांक २००८ सालीं मिळाला. तोंवर पुष्कळांनीं ‘ए’ वर चंद्र देऊन काम चालविलें, तेव्हां वकिलांच्या ‘ॲड.’ लाही हाच धोका आहे.

आमची यादी दोन घरच्या मुलांनीं दोन निराळ्या कळपाटांवर लिहिली होती, एवढाच काय तो घोटाळा. नातवानें २३५३ चें रूप प्रमाण धरून सारी यादी एकसारखी केली, तेव्हां सुटलेलीं आणखी चार घरें निघालीं. ज्यांच्याकडे अशा याद्या किंवा वंशावळी संगणकावर असतील त्यांनीं आजच ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ तपासावे.

दुसरे दिवशीं आंकड्यांचा कागद घेऊन मी मित्राच्या घरीं गेलों. ते गणिताचे शिक्षक. चष्मा लावून त्यांनीं एका ‘ऱ्ह’ खालीं तीन आंकडे मोजले, दुसऱ्याखालीं चार, पुन्हां मोजले. मग आंत हांक मारून चहा सांगितला आणि म्हणाले, “गुरुजी, हिच्या माहेरच्या आडनांवांतही ‘ऱ्हा’ आहे. तेंही एकदां पाहून ठेवा.”