एक किलोमीटरची पायवाट, वाटेत काउबॉयचा संसार. वाळवंटात हा तळ टिकला कसा?

अमेरिकेच्या युटा राज्यातल्या कॅनियनलँड्स राष्ट्रीय उद्यानात ‘केव्ह स्प्रिंग’ नावाची पायवाट आहे. लांबी जेमतेम एक किलोमीटर. पण एवढ्या अंतरात काउबॉयचा जुना तळ, हजारो वर्षांच्या वस्तीच्या खुणा आणि वाळवंटातला झरा, तिन्ही भेटतात.

काउबॉय इथे का राहायचे?
एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून या भागात गुरं चारली जायची. कळपामागे फिरणारे काउबॉय पुढे आलेल्या खडकाच्या आडोशाला मुक्काम करत. त्यांची लाकडी टेबलं, फळ्या, डबे आजही तिथेच आहेत. उद्यान १९६४ मध्ये स्थापन झालं, तरी गुरचराई १९७५ पर्यंत सुरू होती.

वाळवंटात पाणी कुठून?
वालुकाश्म सच्छिद्र असतो. पावसाचं पाणी त्यात मुरत खाली जातं. खाली पाणी न मुरणारा थर लागला, की ते आडवं सरकून कड्यातून पाझरतं. हाच पाझर खडकाचे कण सुटे करतो आणि कपार तयार होते. म्हणजे पाणी आणि निवारा, दोन्हींचं मूळ एकच. म्हणूनच काउबॉयच्या कितीतरी आधी मूळ रहिवासीही इथेच थांबले. धुराने काळवंडलेलं छत आणि खडकावरची चित्रं त्याची साक्ष देतात.

चालायला अवघड आहे का?
तळ सुरुवातीलाच लागतो. मात्र पूर्ण फेरी मारायची तर दोन शिड्या चढाव्या लागतात. पुढे उघड्या खडकावर दगडांच्या छोट्या रचना वाट दाखवतात. गुडघ्यांचा त्रास असेल, तर तळ आणि चित्रं पाहून मागे फिरलेलं बरं. उन्हाळ्यात पारा ३८ अंशांपुढे जातो, त्यामुळे झऱ्याच्या भरवशावर न राहता स्वतःचं पाणी न्या.

काय टाळायचं?
चित्रांना हात लावू नका. त्वचेवरचं तेल त्यांना मारक ठरतं. तळावरचा गंजका डबाही उचलू नका, तो ऐतिहासिक ठेवा आहे. आणि वाट सोडू नका. आजूबाजूची काळसर, खडबडीत माती म्हणजे सूक्ष्मजीवांचा जिवंत थर असतो. तो माती धरून ठेवतो, पाणी साठवतो. एका पावलाने तो मोडतो आणि पुन्हा धरायला अनेक वर्षं, कधी दशकं लागतात.

फेरीला पाऊण तास पुरतो. फोटो हवे तेवढे काढा, फक्त पाऊल वाटेवरच ठेवा.