सडबरीचं वेसाइड इन : एक सराई आणि तिचा रस्ता

काळा घोड्यावरचा भाग झाल्यावर एका प्रेक्षकताईंनी विचारलं, अरुण कोलटकर ज्या ‘वेसाइड इन’मध्ये बसायचे, त्याच नावाची एक जागा अमेरिकेतही आहे म्हणे, तिच्याबद्दल सांगाल का? सांगतो की. आपल्याकडे आग्रा रोडवरचे ढाबे बघत मोठा झालेला माणूस मी, रस्त्याकाठच्या खाण्यापिण्याच्या जागा हा माझा आवडीचाच विषय.

बॉस्टनच्या पश्चिमेला साधारण तीस किलोमीटरवर सडबरी नावाचं गाव आहे. तेव्हा मॅसॅच्युसेट्स ही इंग्रजांची वसाहत होती, आणि बॉस्टन ते न्यूयॉर्क टपालाचा रस्ता या गावावरून जायचा. 1716 मध्ये डेव्हिड हाउ या शेतकऱ्याने आपल्याच घरात प्रवाशांना उतरवण्याचा परवाना घेतला. परवाना हा शब्द लक्षात ठेवा. आपल्याला वाटतं, ते लोक कट्टर प्युरिटन, दारूच्या दुकानाचे शत्रू असणार. झालं होतं उलटंच. 1656 मध्ये तिथल्या सरकारने ठरवलं, की ज्या गावात अशी सराई नसेल त्या गावाला दंड! कारण सरळ होतं. थंडी मरणाची, रस्ते वाईट, घोडा थकला की माणूस अडकला. मात्र सराई हवी तशी तिच्यावर नजरही हवी. नुसतं पीत अर्ध्या तासाहून जास्त बसायचं नाही, असाही कायदा सतराव्या शतकात होऊन गेला. तो किती पाळला गेला असेल, हे ज्याने आपल्याकडचा परमिट रूम बघितलाय त्याला वेगळं सांगायला नको.

आत काय मिळायचं? जेवण, घोड्याला दाणावैरण, आणि अंथरूण. अंथरूण म्हणजे पलंगाचा एक भाग. शेजारी अनोळखी प्रवासी झोपलेला असायचा. बारला लाकडी गजांची जाळी असे, दुकान बंद करताना ती खाली सोडायची. आणि थंडीत ‘फ्लिप’. बिअर, रम आणि काकवी एकत्र करून त्यात चुलीत लाल केलेली लोखंडी सळई बुडवायची, की चर्रकन फेस वर येतो. ऐकायला छान वाटतं. पण ही रम ज्या मळीपासून व्हायची, ती कॅरिबियन बेटांवरच्या उसाच्या मळ्यांतून यायची, आणि ते मळे आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांच्या मजुरीवर चालायचे. खुद्द मॅसॅच्युसेट्समध्येही गुलामगिरी होती. ती कोर्टाच्या निकालांनी मोडली 1783 च्या सुमारास. जुन्या सराईच्या गोष्टी सांगताना शेकोटी आठवते आणि हा हिशेब राहून जातो, म्हणून मुद्दाम सांगितला.

डेव्हिडचा मुलगा इझिकेल. त्याच्या काळात पाटीवर लाल घोडा आला, म्हणून नाव ‘रेड हॉर्स’. पाटीवर चित्र असलं की वाचता न येणारा प्रवासीही बरोबर दारात येतो. 19 एप्रिल 1775 ला इंग्रज फौजेशी चकमक झाली तेव्हा सडबरीचे लोक कॉनकॉर्डकडे निघाले, त्यात हा सराईवालाही होता.

मग 1835 मध्ये बॉस्टन ते वूस्टर रेल्वे सुरू झाली. ती सडबरीवरून गेली नाही. रस्त्यावर जगणाऱ्या धंद्याचं जे व्हायचं तेच झालं. 1861 मध्ये शेवटचे मालक लायमन हाउ वारले, आणि चार पिढ्यांची, 145 वर्षांची सराई बंद पडली.

इथेच खरी गंमत सुरू होते. 1862 च्या ऑक्टोबरात कवी लाँगफेलो ही पडकी जागा बघायला आले. आदल्या वर्षी त्यांची पत्नी कपड्यांना आग लागून गेली होती. 1863 मध्ये त्यांचं ‘टेल्स ऑफ अ वेसाइड इन’ आलं : काही मित्र सराईत जमून एकेक गोष्ट सांगतात. असे ते तिथे जमले नव्हते. पात्रं ओळखीच्या माणसांवर बेतलेली, बैठक कल्पनेतली. सराईवाल्याच्या तोंडी आहे पॉल रिव्हिअरच्या घोडदौडीची गोष्ट. कवितेत तो कॉनकॉर्डला पोचतो. प्रत्यक्षात वाटेतच इंग्रज गस्तीने त्याला धरलं होतं. पण पुस्तक गाजलं, आणि 1897 मध्ये नव्या मालकाने, एडवर्ड लेमन यांनी, सराईचं नावच कवितेवरून ठेवलं. म्हणजे आधी कविता, मग तिचं नाव घेतलेली जागा!

1923 मध्ये ती विकत घेतली हेन्री फोर्ड यांनी. इतिहास म्हणजे निरर्थक बडबड, अशा अर्थाचं हेच गृहस्थ 1916 मध्ये बोलले होते. आता आजूबाजूची जमीन घेतली, 1929 मध्ये पाणचक्की बांधली, दुसऱ्या गावातली जुनी शाळा उचलून आणून उभी केली; ‘मेरी हॅड अ लिटल लॅम्ब’मधली शाळा ती हीच, असा त्यांचा दावा. 1940 मध्ये एक चॅपलही बांधलं. बघायला येणाऱ्याला यातलं हाउ कुटुंबाचं किती आणि फोर्डचं किती, हे सहज कळत नाही, आणि माझी तक्रार तेवढीच आहे.

पण त्यांनी केलेली सगळ्यात मोठी गोष्ट वेगळीच. त्यांच्याच कारखान्यातून वर्षाला दहा लाखांहून जास्त मोटारी बाहेर पडत होत्या, आणि त्या सराईच्या दारावरून धडधडत जायच्या. जुन्या इमारतीला हादरे बसतात म्हणून फोर्डनी स्वतःच्या पैशाने दूरून वळणरस्ता बांधला आणि वाहतूक तिकडे काढून दिली. ज्या रस्त्यासाठी सराई उघडली, तोच तिच्यापासून हलवला.

1955 च्या डिसेंबरात आग लागली, आतला मोठा भाग जळाला. फोर्ड फाउंडेशनच्या मदतीने दुरुस्ती होऊन 1958 मध्ये ती पुन्हा उघडली. आजही तिथे जेवण मिळतं, मुक्कामाला थोड्या खोल्या आहेत. जुना टपालरस्ता अजून दारावरून जातो. गाड्या मात्र पलीकडच्या हमरस्त्याने जातात.