चित्रकादंबरी आणि आगाऊ वर्गणी

ग्रंथ लिहिणें हें विद्येचें काम व तो छापणें हें द्रव्याचें काम, अशी वांटणी आपल्याकडे फार दिवसांपासून चालत आली आहे. प्रकाशक मिळाला तर ठीक. न मिळाला तर घरच्या दागिन्यांवर पाळी येते. दादासाहेब फाळके यांचा विषय ग्रंथाचा नव्हे, चित्रपटाचा; परंतु विम्याची पॉलिसी आणि सरस्वतीबाईंचे अलंकार गहाण पडले तेव्हां १९१३ सालचा ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांस दिसला. त्या माउलीचें कौतुक करावें तितकें थोडें. तथापि सगळा भार एकाच घरानें वाहावा, ही रीत चांगली असें आम्हांस म्हणवत नाहीं.

हा विचार सुचण्याचें कारण असें कीं, अहिल्यानगर (पूर्वींचें अहमदनगर) येथील आमचा एक जुना विद्यार्थी चित्रकलेंत निपुण निघाला असून, १५९५–९६ सालच्या मोगली वेढ्यांत चांदबिबीनें नगरचा किल्ला कसा राखिला, ही हकीकत तो चित्रकादंबरीच्या रूपानें मांडीत आहे. इंग्रजींत जिला ग्राफिक नॉव्हेल म्हणतात तीच ही. चौकटींमागून चौकटी, पात्रांचें बोलणें फुग्यांत, आणि कथेचा विस्तार मात्र कादंबरीचा. हा पोरखेळ आहे असें समजणाऱ्या वडीलधाऱ्यांनीं आर्ट स्पीगेलमन यांचें ‘माउस’ पाहावें. नाझी छळछावणींतून वांचलेल्या आपल्या वडिलांची कहाणी त्यांनीं चित्रांतून सांगितली आणि १९९२ सालीं तिला पुलित्झर पारितोषिक मिळालें. इतक्या दूर जाण्याचेंही कारण नाहीं. सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील पिंगुळीचे चित्रकथी एकामागून एक चित्र पुढें धरून रामायण-महाभारतांतील आख्यानें गात आले आहेत. त्यांना पूर्वीं सावंतवाडी संस्थानचा आश्रय होता. आतां संस्थान नाहीं, आणि चित्रकारानें आश्रयदाता शोधावा कोठें, हाच खरा प्रश्न आहे.

प्रकाशकांनीं रंगीत छपाईचा खर्च पाहून नकार दिला. तेव्हां मुलानें घरीं सांगितलें कीं, आपण लोकांकडून आगाऊ पैसे जमवून स्वतःच पुस्तक काढूं. हल्लीं यास ‘क्राउडफंडिंग’ म्हणतात. त्याचे आजोबा निवृत्त वकील. ते म्हणाले, “आपल्या घराण्यांत कोणीं झोळी घेतली नाहीं.” (वास्तविक मुंजींत याच नातवास झोळी देऊन साऱ्या मातृवर्गापुढें त्यांनींच उभें केलें होतें, पण तें बोलून दाखविण्याचें धैर्य कोणास झालें नाहीं.) घरांत दोन तट पडले, आणि मास्तर म्हणून मध्यस्थी आमच्याकडे आली.

आमचें मत असें पडलें कीं, याचना निराळी व आगाऊ वर्गणी निराळी. याचक घेतो व आशीर्वाद देतो. वर्गणी घेणारा वस्तूचें व मुदतीचें वचन देऊन बांधला जातो. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर हे अमेरिकेंतील कॉर्नेल विद्यापीठाचे डॉक्टर. परंतु महाराष्ट्रीय ज्ञानकोशासाठीं त्यांनीं मर्यादित कंपनी स्थापिली, भाग विकले, वर्गणीदार मिळविले, आणि १९२० पासून १९२९ पर्यंत तेवीस खंड वाचकांच्या हातीं दिले. शिवाय काम चालू असतांनाच, १९२७ सालीं, ‘माझें बारा वर्षांचें काम’ हें पुस्तक लिहून ज्ञानकोशमंडळाचा इतिहास लोकांपुढें ठेविला. याला झोळी कोण म्हणेल? आमच्याच जिल्ह्यांत लोणी येथें विठ्ठलराव विखे पाटील यांनीं शेतकऱ्यांकडून भागभांडवल जमवून १९५० सालीं सहकारी साखर कारखाना सुरू केला, त्यांतही कोणास कमीपणा वाटला नाहीं.

एक गोष्ट मात्र स्पष्ट असावी. भाग घेणारा मालक होतो, वर्गणीदारास फक्त प्रत मिळते, आणि देणगीदारास कांहींच मिळावयाचें नसतें. हीं तिन्ही नातीं एकाच पत्रकांत कालविलीं कीं पुढें कलह ठेवलेला. आम्हीं मुलास नफ्याचा शब्दही काढूं दिला नाहीं.

न्यूयॉर्कच्या ‘किकस्टार्टर’ संस्थेनें २००९ पासून एक शिस्त घालून दिली आहे. आधीं रकमेचा आंकडा व मुदत जाहीर करावयाची. तेवढी रक्कम मुदतींत भरली नाहीं तर कोणाचाही पैसा घ्यावयाचा नाहीं. भरली तर संस्था शेंकडा पांच घेते. रिच बर्ल्यू हे आपलीं चित्रकथेचीं पुस्तकें स्वतःच छापीत. त्यांनीं २०१२ सालीं पुनर्मुद्रणासाठीं तेथें ५७,७५० डॉलर मागितले. १४,९५२ लोकांनीं १२,५४,१२० डॉलर दिले. मागणीच्या वीसपटीहून अधिक! परंतु पुढची हकीकत अधिक मननीय आहे. त्याच वर्षीं बर्ल्यू यांच्या हातास गंभीर जखम झाली, चित्रें थांबलीं, आणि कबूल केलेल्या लहानमोठ्या वस्तू पुऱ्या करण्यांत पुढें वर्षें गेलीं. पैसा वीसपट झाला तरी चित्रकाराचा हात एकच.

भारतांत राहणाऱ्या चित्रकारास त्या संस्थेंत आपली योजना मांडतां येत नाहीं. पण रीत उचलण्यास कोणाची आडकाठी नाहीं. मुलानें आधीं पैसे न घेतां केवळ नांवें व लेखी होकार घ्यावे. ठरलेली संख्या भरल्यावरच रक्कम मागावी आणि ती निराळ्या खात्यांत ठेवावी. नमुना म्हणून निदान एक प्रकरण पूर्ण रंगवून दाखवावें. सोळा पानांचा एक फर्मा, म्हणून पुस्तक शहाण्णव पानांचें, सहा फर्म्यांचें करावें. सत्त्याण्णवावें पान हौसेनें वाढविलें कीं खर्च सातव्या फर्म्यावर गेलाच. टपालखर्च किंमतींत धरावा. पुस्तकाचा आय. एस. बी. एन. क्रमांक आपल्या देशांत विनामूल्य मिळतो. त्यासाठीं कोणी पैसे मागूं लागल्यास देऊं नयेत.

पत्रकाच्या मसुद्यांत त्यानें ‘एका वर्षांत पुस्तक घरपोंच’ असें लिहिलें होतें. एका पानास किती दिवस लागतात, असें आम्हीं विचारलें. तीन, असें उत्तर आलें. म्हणजे चित्रांसच दोनशें अठ्ठ्याऐशीं दिवस झाले, त्यांत दिवाळी नाहीं, आजार नाहीं, धाकट्या बहिणीचें लग्न नाहीं, आणि छापखाना तर अजून सुरूच व्हावयाचा. आम्हीं ‘एका वर्षांत’ हे शब्द खोडले आणि वर ‘अठरा महिन्यांत’ असें लिहिलें.