धापेमागची भीती : चार दशकांचा मागोवा

सिद्धगडाच्या पायथ्याच्या मुरबाड-शहापूर पट्ट्यात धुराला तोटा नाही. उन्हाळ्यात शेतात भाजलेल्या राबाचा धूर, दिवाळीनंतर कातकरी कुटुंबे ज्या वीटभट्ट्यांवर जातात तिथला धूर, आणि बारमाही चुलीचा. पहिले दोन बाई-पुरुष दोघांच्याही वाट्याला येतात, तिसरा मुख्यतः बाईच्या. तरी छातीचा आजार म्हटला की विडी ओढणारा म्हाताराच आपल्यासमोर येत राहिला.

हे चित्र बदलायला फार वर्षे गेली. अमेरिकी संशोधक कर्क स्मिथ आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी गुजरातच्या खेड्यांत, रांधणाऱ्या बायकांच्या श्वासात किती धूर जातो हे मोजले. तो अभ्यास १९८३ मध्ये प्रसिद्ध झाला. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये ‘लॅन्सेट’मधून ठामपणे मांडले, की विडी-सिगारेटला कधी हात न लावणाऱ्यांनाही सीओपीडी (श्वासनलिका अरुंद करणारा फुप्फुसाचा जुनाट आजार) होतो आणि जळणाचा धूर हे त्याचे मोठे कारण आहे. बाईची छाती अशी उशिरा मोजली गेली. तिचे मन त्याहूनही मागे राहिले.

परदेशात तोवर त्याचा शोध सुरू झाला होता. २००६ मध्ये इटलीतल्या आणि २००७ मध्ये कॅनडातल्या अभ्यासांत सीओपीडी झालेल्या बायकांमध्ये चिंता आणि नैराश्य पुरुषांपेक्षा जास्त आढळले. कॅनडातल्या अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली : आपला दम आपल्याला आवरता येईल, हा भरवसा बायकांना कमी होता.

या भरवशावर बरेच अवलंबून असते. धाप लागली की जीव घाबरतो. घाबरल्यावर श्वास भराभर आणि उथळ होतो. सीओपीडीत आधीच पुरती बाहेर न पडणारी हवा मग फुप्फुसात आणखी कोंडते आणि धाप वाढते. औषध, श्वासाचे व्यायाम आणि धीर देणारे माणूस मिळाले तर हे चक्र तुटते. पण दम लागत असतानाही पाणी, सरपण आणि स्वयंपाक जिला चुकत नाही, तिला थांबून श्वास सावरायची मुभा कोण देतो? तिच्या भीतीला नाजूक स्वभाव म्हणणे अन्यायाचे आहे.

आजाराचा बाईच्या मनावर पडणारा जादा भार क्षयाच्या बाबतीतही दिसला. ग्रामीण महाराष्ट्रात क्षय नसलेल्या लोकांना क्षयी पुरुषाची आणि क्षयी बाईची गोष्ट सांगून त्यांची मते जाणून घेण्यात आली. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, मनाचे आणि समाजाकडून होणारे हाल बाईच्या बाबतीत अधिक त्रासदायक मानले गेले. खोकला औषधाने थांबतो. मोडलेले लग्न किंवा माहेरी झालेली पाठवणी त्याने भरून येत नाही.

पुरुष यातून सुटला, असे नाही. कमाई थांबली की तोही खचतो. पण बोलत नाही, चिडतो, दारूकडे वळतो. प्रश्नावलीत त्याचे दुःख कमी उतरते, म्हणून ते कमी असते असे समजू नये.

सरकारी योजना आल्या. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ मध्ये, त्याचा जिल्हा पातळीवरचा भाग १९९६ मध्ये, उज्ज्वला गॅस २०१६ मध्ये आणि १४४१६ ही ‘टेली-मानस’ मदतवाहिनी २०२२ मध्ये. मात्र पुढचे सिलिंडर परवडले नाही की रानातून मोळी येते आणि चूल पुन्हा पेटते. छातीचा डॉक्टर मनाचे विचारत नाही, मनाचा डॉक्टर गावापासून लांब असतो.

म्हणून छातीच्या आणि मनाच्या उपचारांची जोडणी खालून, गावपातळीवरून व्हायला हवी. खोकला आणि दम यांची चौकशी करणाऱ्या आशाताईंनी आणि आरोग्य केंद्राने प्रत्येक रुग्णाला, बाई असो की पुरुष, आणखी दोन प्रश्न विचारावेत : कशातच मन लागत नाही असे होते का? सारखी भीती वाटते का? उत्तर ‘हो’ आले, तर त्या भीतीवरचा उपचार हाही छातीच्याच उपचाराचा भाग मानला पाहिजे.